कोकेदामा: शेवाळगोळ्यामागची परंपरा

हिरव्या शेवाळाने मढवलेला मातीचा गोळा आणि त्यातून वर आलेले एखादे नेचे किंवा लहानसे झाड हा जपानी प्रकार गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्येही दिसू लागला आहे. जपानमध्ये त्याला कोकेदामा म्हणतात. त्याची ओळख करून देताना ‘शेकडो वर्षांची प्राचीन कला’ किंवा ‘गरिबांचे बोन्साय’ असे शब्द सर्रास वापरले जातात. परंतु या वर्णनांनी त्याचा खरा इतिहास झाकला जातो. शेवाळगोळा आज ज्या रूपात आपण पाहतो, ते रूप जपानमध्येही विसाव्या शतकाच्या अखेरीसच लोकप्रिय झाले. जुनी आहेत ती त्यामागची तंत्रे, आणि ती एकाच कुळातली नाहीत. या गोळ्याची निगा कशी राखायची याची बहुतेक उत्तरेही त्या जुन्या तंत्रांतच मिळतात.

पहिले तंत्र बोन्सायच्या परंपरेतले आहे. उथळ कुंडीत वर्षानुवर्षे वाढवलेल्या झाडाची मुळे एकमेकांत इतकी गुंततात की कुंडी काढून घेतली तरी मुळांचा लगदा आकार सोडत नाही. अशा झाडाची वरवरची माती धुऊन ते उघड्या मुळांसह पसरट थाळीत किंवा पाण्याच्या उथळ पात्रात मांडण्याच्या पद्धतीला नेआराई म्हणतात. उघड्या राहिलेल्या ओलसर मुळांवर कालांतराने शेवाळ धरते आणि तो लगदा हिरव्या उंचवट्यासारखा दिसू लागतो. केवळ झाडेच नव्हेत, तर बोन्सायच्या शेजारी ऋतू सुचवण्यासाठी ठेवली जाणारी गवते आणि रानफुलेही या पद्धतीने मांडली जात. म्हणजे तेथे कुंडीचा त्याग ही शेवटची पायरी होती. झाड आधी अनेक वर्षे कुंडीत राहिलेले असे. कोकेदामाने हा क्रम बदलला. मुळांनी आकार धरण्याची वाट न पाहता मातीचाच गोळा वळायचा आणि त्यावर शेवाळ बांधायचे, त्यामुळे अनेक वर्षांचे काम एका दुपारी होऊ लागले.

दुसऱ्या तंत्राचा उल्लेख फारसा होत नाही, आणि माझ्या मते ही मोठीच उणीव आहे. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, एदो शहरात (आजच्या टोकियोत) उन्हाळ्यामध्ये घरांच्या वळचणीला त्सुरिशिनोबु टांगण्याची प्रथा रुजली. शिनोबु हे कातळांवर आणि झाडांच्या खोडांवर वाढणारे, लांब केसाळ खोडाचे नेचे आहे. बांबूच्या गाभ्यावर शेवाळ गुंडाळून त्यावर या नेच्याची खोडे तारेने किंवा दोरीने बांधत आणि त्याला गोल, होडीचा किंवा विहिरीच्या चौकटीचा आकार देत. मोठ्या घरांच्या बागांची देखभाल करणारे माळी आपल्या यजमानांना ते उन्हाळ्याची भेट म्हणून देत असत. पुष्कळदा खाली वाऱ्याने किणकिणणारी लहान घंटा बांधलेली असे. दमट, उकाड्याच्या दिवसांत ओल्या हिरवाईकडे पाहून मनाला गारवा वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. हिवाळ्यात या नेच्याची पाने गळतात, पण खोडे जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा पालवी फुटते, त्यामुळे नीट सांभाळलेला त्सुरिशिनोबु अनेक वर्षे टिकतो. टोकियोच्या एदोगावा भागात तो आजही हाताने बनवला जातो. हवेत टांगलेला आणि पाण्यात बुडवून भिजवला जाणारा शेवाळाचा गोळा पाहिला की या प्रथेशी त्याचे नाते सहज ओळखू येते.

गोळ्याच्या मातीचाही स्वतःचा इतिहास आहे. केतो ही पाणथळ जागी बोरूसारख्या वनस्पती कुजून तयार झालेली काळी, चिकट माती. बोन्सायकार खडकावर झाड बसवताना तिचा उपयोग करत, कारण ती उभ्या दगडालाही चिकटून राहते. मात्र एकटी केतो फार पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. म्हणून तिच्यात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली, दाणेदार लालसर आकादामा मिसळतात, जिच्या दाण्यांमधून हवा खेळते. मुळांभोवती बहुधा वाळवलेल्या स्फॅग्नम शेवाळाचा थर देतात, कारण ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 पट पाणी शोषू शकते. बाहेरचे जिवंत शेवाळ मात्र वेगळे असते, आणि ते गोळ्यावर सुती किंवा नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधले जाते.

शेवाळाविषयी जपानी माणसाला वाटणारी ओढ हीदेखील या सगळ्याची पार्श्वभूमी आहे. क्योतोच्या साइहो-जी मंदिराची बाग 1339 मध्ये मुसो सोसेकी या झेन आचार्यांनी नव्याने रचली, पण आज तिला प्रसिद्धी आहे ती सुमारे 120 प्रकारांच्या शेवाळांमुळे, आणि ही शेवाळे कोणी लावलेली नाहीत. बागेकडे दुर्लक्ष झालेल्या नंतरच्या काळात दमट जमिनीवर ती आपोआप पसरली. ती खरवडून न टाकता जपली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

एकविसाव्या शतकात हा गोळा जपानबाहेर गेला. अ‍ॅमस्टरडॅमच्या फेडोर फान देर फाल्क यांनी दोऱ्यांवर टांगलेल्या अशा गोळ्यांच्या बागा उभारल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर पसरली. होक्काइदोच्या आकान सरोवरातले मारिमो हे हिरवे गोळे मात्र याहून वेगळे आहेत. ते पाण्यात वाढणारे शैवल आहे, आणि त्यात माती किंवा दुसरे झाड नसते.

महाराष्ट्रात कोकेदामा करताना हवामानातला फरक लक्षात घ्यावा लागतो. क्योतोत वर्षाच्या प्रत्येक महिन्यात थोडाबहुत पाऊस पडतो. सह्याद्रीत मात्र जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि जांभ्याच्या भिंतींवरचे शेवाळ दिवाळीनंतर करडे पडते. शेवाळाला खरी मुळे नसतात. ते पानांवाटेच पाणी घेते आणि हवा कोरडी झाली की स्वतःही सुकते. म्हणूनच पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात गोळ्यातले झाड तगले तरी वरचे शेवाळ तपकिरी होते. आपल्याकडचे कारागीर केतोऐवजी कोकोपीट आणि गाळाची माती वापरतात, तर काही जण बाहेरून काथ्याच गुंडाळतात. आपल्या हवेत हा बदल मला योग्य वाटतो. डोंगरातून शेवाळ खरवडून आणणे मात्र टाळावे, कारण ते अतिशय सावकाश वाढते आणि उघडा पडलेला कातळ पुन्हा हिरवा व्हायला वर्षे लागतात.

पाणी देण्याची पद्धत जुनीच आहे: गोळा उचलून हलका लागला की तो पाण्याच्या भांड्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा आणि निथळून पुन्हा जागेवर न्यावा. बोअरवेलच्या जड पाण्याने शेवाळावर क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. जागा उजेडाची पण थेट उन्हापासून दूर असावी, आणि एसीचा झोत गोळ्यावर येऊ देऊ नये. एक-दोन वर्षांनी मुळे शेवाळातून बाहेर डोकावू लागतात. तेव्हा त्यांवर मातीचा आणि शेवाळाचा नवा थर चढवावा किंवा झाड कुंडीत लावावे.