न्यू जर्सीचा यूज टॅक्स: कोणी, कधी आणि कसा भरायचा

ऑनलाइन खरेदीच्या बिलात टॅक्सपुढे शून्य दिसलं म्हणजे टॅक्स माफ झाला, असं नाही. वस्तू राज्याबाहेरून आली, ती करपात्र आहे आणि विक्रेत्याने सेल्स टॅक्स घेतला नाही, तर तेवढाच यूज टॅक्स खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. न्यू जर्सीत दोन्हींचा दर ६.६२५ टक्के.

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. त्यानंतर राज्यात दुकान नसलेल्या मोठ्या विक्रेत्यांनाही टॅक्स वसूल करायला लावण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. न्यू जर्सीने १ नोव्हेंबर २०१८ पासून तसा नियम लागू केला. त्यामुळे मोठ्या साइटवरच्या खरेदीत टॅक्स बहुतेक वेळा आधीच कापलेला असतो आणि आपल्याला काही करावं लागत नाही. प्रश्न उरतो तो छोट्या विक्रेत्यांचा, परदेशातून येणाऱ्या पार्सलांचा आणि शेजारच्या डेलावेअरचा. तिथे सेल्स टॅक्सच नाही, म्हणून लॅपटॉप घ्यायला लोक मुद्दाम गाडी काढून जातात. पण १,५०० डॉलरचा लॅपटॉप घरी आणला की ९९.३८ डॉलर यूज टॅक्स लागतोच. हे किती जण भरतात, ते विचारू नका!

पुण्याहून मागवलेल्या साडीवर मात्र काही लागत नाही, कारण न्यू जर्सीत कपडे करमुक्त आहेत. त्याच पार्सलमधल्या दागिन्यांना ही सूट नाही. करपात्र वस्तूचा डिलिव्हरी खर्चही किमतीत धरायचा.

दुसऱ्या राज्यात टॅक्स भरला असेल तर तो वजा होतो. पेनसिल्व्हेनियात ६ टक्के भरले असतील तर इथे फक्त ०.६२५ टक्के द्यायचे. त्यासाठी टॅक्सची रक्कम स्वतंत्र दाखवणारं बिल हवं. ऑर्डरच्या ईमेलमध्ये हा आकडा कधी कधी नसतो, म्हणून साइटवरून पूर्ण इनव्हॉइस उतरवून ठेवा.

भरायची सोपी जागा म्हणजे राज्याचा आयकर रिटर्न, एनजे-१०४०. त्यात यूज टॅक्ससाठी वेगळी ओळ आहे. काही देणं नसेल तर तिथे शून्य लिहायचं. हजार डॉलरच्या आतल्या वस्तूंचा नेमका हिशोब नसेल, तर सूचनापुस्तिकेतल्या तक्त्यात आपल्या उत्पन्नासमोरची अंदाजे रक्कम घ्यायची. हजार किंवा त्याहून महाग वस्तूंचा टॅक्स बिलावरून काढून त्यात मिळवायचा. ज्यांना हा रिटर्न भरायचा नसतो, त्यांच्यासाठी एसटी-१८ फॉर्म आहे. त्याची मुदत वस्तू राज्यात आल्यापासून २० दिवस.

आणि नोकरी बदलून नुकतेच टेक्सासहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आला असाल, तर तिथे राहत असताना घरासाठी घेतलेल्या सामानावर हा टॅक्स लागत नाही. खरेदीची तारीख दिसेल अशी बिलं मात्र जपून ठेवा.