सातबारा, आठ-अ आणि एडगर कॉड

सातबारा निघतो गट नंबरावर. या गटाची जमीन कोणाच्या नावे, किती, आणि तीत यंदा कोणतं पीक. आठ-अ निघतो खाते नंबरावर. या खातेदाराची गावात कुठकुठल्या गटांत मिळून किती जमीन. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे: अमुक गटात अमुक खात्याची एवढी जमीन. ती दोनदा लिहावी लागली, कारण कागदाची वही एकाच क्रमाने लावता येते. गटांच्या क्रमाने लावली, तर 'या माणसाची सगळी जमीन दाखवा' म्हणणाऱ्यासाठी अख्खी वही चाळावी लागणार. म्हणून दुसरी वही. आणि दोन वह्या आल्या, की एकीत दुरुस्ती झाली नि दुसरीत राहून गेली हेही ओघाने आलंच.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा रिलेशनल डेटाबेसचा, म्हणजे संगणकात माहिती तक्त्यांत साठवण्याच्या पद्धतीचा, पहिला तास मी या दोन उताऱ्यांवरच घेते. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते घरी पाहिलेले असतात. ते फळ्यावर मांडले की मुलं स्वतःच विचारतात, 'मॅडम, एकदाच लिहून दोन्ही नाही का काढता येणार?' 1970 पूर्वी या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं.

1960च्या दशकात संगणकावरची माहितीही वहीसारखीच एका ठरलेल्या क्रमात बांधलेली असे. अपोलो मोहिमेच्या सॅटर्न-5 रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएम या संगणक कंपनीने आयएमएस नावाची प्रणाली उभी केली. तिची रचना झाडासारखी होती. मोठी जोडणी, तिच्या पोटात छोट्या जोडण्या, त्यांच्या पोटात सुटे भाग. वरून खाली जाणाऱ्या प्रश्नाला ती झटकन उत्तर देई. पण 'हा एक बोल्ट कुठकुठे लागतो' असं खालून वर विचारलं, की काम अवघड. त्याहून वाईट म्हणजे कोणत्या फांदीवरून कुठे उतरायचं, हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं असे. झाडाची ठेवण बदलली की ते सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे.

एडगर कॉडला हे खटकत होतं. 1923 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडमध्ये जन्मलेला, ऑक्सफर्डला गणित शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेला हा माणूस पुढे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून 1970मध्ये त्याचा 11 पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माहिती यंत्रात कशी रचून ठेवली आहे हे ती वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडू नये, अशा मागणीने तो सुरू होतो. पुढे कॉड सुटे भाग आणि प्रकल्प यांची तीच माहिती पाच वेगवेगळ्या रचनांत मांडतो आणि दाखवतो, की एक साधा प्रश्न विचारणारा एकच प्रोग्रॅम या पाचही ठिकाणी चालेल असा लिहिता येत नाही. सातबारा आणि आठ-अ यांचीच ही तक्रार, गणिताच्या भाषेत मांडलेली.

त्याचं उत्तर समजून घेताना एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. 'रिलेशनल' म्हणजे तक्त्यांची एकमेकांशी नाती, असं बहुतेक मुलं धरून चालतात. कॉडच्या मनात गणितातला 'संबंध' होता, संच शिकताना शाळेत येतो तोच. गट 112, खाते 45, क्षेत्र 0.60 हेक्टर, ही एक ओळ. ती ओळ म्हणजे 'गट 112मध्ये खाते 45ची 0.60 हेक्टर जमीन आहे' हे एक खरं विधान. एकाच साच्यातल्या अशा सगळ्या खऱ्या विधानांचा संच म्हणजे रिलेशन, आपल्या रोजच्या भाषेत तक्ता. संच म्हटल्यावर त्यात पहिली ओळ, शेवटची ओळ असं काही उरत नाही. वहीचा क्रमच गेला. क्रम गेला म्हणून गटाकडून खात्याकडे जायचं की खात्याकडून गटाकडे, हा पक्षपातही गेला. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट. पुढे कोण काय विचारणार आहे हे न ठरवता, नुसतं खरं काय आहे एवढंच लिहून ठेवायचं.

मग वर्गात तीन तक्ते काढतो. खातेदार: खाते नंबर, नाव. धारणा: गट, खाते, क्षेत्र. पीक: गट, हंगाम, पीक. 'रब्बीत कांदा कोणी लावला?' याचं उत्तर यांपैकी एकाही तक्त्यात नाही. पीक तक्त्यातून कांद्याचे गट घ्या, धारणेत त्या गटांची खाती शोधा, खातेदारात त्या खात्यांची नावं बघा. समान रकान्यावर तक्ते असे जोडण्याला जॉइन म्हणतात. आठ-अ आता वेगळा ठेवायला नको. धारणा आणि खातेदार जोडून हवा तेव्हा तो काढता येतो.

खातेदाराचं नाव धारणेतच का लिहीत नाही, हे मुलांना करूनच पाहायला लावते. लिहा प्रत्येक ओळीत नाव. आठ गटांत जमीन असलेल्याचं नाव आठ वेळा आलं, त्यात तीनदा 'विठ्ठल', पाचदा 'विठ्ठलराव'. माणूस एक की दोन? दुसऱ्या एकाने शेवटचा तुकडा विकला, ओळ पुसली, त्याबरोबर त्याचं नावही दप्तरातून गेलं. हे नुकसान एकदा डोळ्यांनी पाहिलं, की नॉर्मलायझेशनचे, म्हणजे माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत विभागण्याचे, नियम पाठ करावे लागत नाहीत. आमच्याकडे तोंडी परीक्षेच्या भीतीने उलटं होतं. पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म घडाघडा म्हणता येतात, पण ते कशापासून वाचवतात हे सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॉडच्या कल्पनेवर त्या काळी मोठा आक्षेप होता तो वेगाचा. वाट प्रोग्रॅमरने सांगायची नाही, तर सांगायची कोणी? उत्तर कॉडची कल्पना प्रत्यक्ष उभी करणाऱ्या, आयबीएमच्याच सिस्टिम-आर प्रकल्पातून आलं. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974मध्ये सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. हिच्यात फक्त काय हवं ते सांगायचं: सिलेक्ट (कोणते रकाने), फ्रॉम (कोणत्या तक्त्यांतून), व्हेअर (कोणत्या अटीवर). कसं आणायचं ते यंत्र ठरवतं. आपल्या कांद्याच्या प्रश्नाचंच बघा. गावात तीनच कांद्याचे गट असतील, तर आधी पीक तक्ता गाळलेला बरा. मग पुढे तीनच गट शोधायचे राहतात. पण गाव लासलगावच्या बाजूचं असेल आणि बहुतेक शेतांत कांदाच असेल, तर आधी गाळून फारसं काही हाती लागत नाही. प्रश्नाचे शब्द तेच, वाट निराळी. तक्त्यांत किती ओळी आहेत, कोणत्या रकान्यात किती वेगवेगळ्या नोंदी आहेत याचा अंदाज ठेवून डेटाबेसमधला ऑप्टिमायझर नावाचा भाग ती वाट निवडतो. दहा तक्ते एकामागून एक जोडायचे तर क्रमच 36,28,800 होतात. ते सगळे न तपासता चांगला क्रम कसा गाठायचा, याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979मध्ये मांडली. आजचे कितीतरी ऑप्टिमायझर तिच्यावरच उभे आहेत. 1981मध्ये कॉडला संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तोवर वेगाच्या शंकेतला जोर बराच ओसरला होता.

फेरफाराचा धडा मुलांना लवकर कळतो. दोन भावांची वाटणी: 1.20 हेक्टरची एक ओळ काढायची, 0.60च्या दोन घालायच्या. पहिली घातल्यावर वीज गेली तर धाकट्याची जमीन दप्तरात नाहीच. म्हणून हे सगळे बदल एका गाठोड्यात बांधायचे, पूर्ण झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करेपर्यंत सातबाऱ्यावर अंमल नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कमिट, म्हणजे गाठोड्यातले बदल पक्के करणं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

महिन्याच्या शेवटी एक प्रॅक्टिकल असतं. गावात रब्बीचे 40 गट. पीक कांदा असलेले मोजा: 22. पीक कांदा नसलेले मोजा: 11. मुलं बेरीज करतात, 33 येतात, पुन्हा करतात. मशीन चुकलं म्हणतात, मग जॉइन चुकला म्हणतात. मी त्यांना उरलेल्या सात गटांच्या ओळी उघडायला सांगते. पिकाचा रकाना तिथे नल, म्हणजे काही न भरलेला, आहे, कारण त्यांची पीक पाहणीच झालेली नाही. तिथे कांदा आहे का, या प्रश्नाला एसक्यूएल 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. 'माहीत नाही' असं तिसरं उत्तर देतं, आणि व्हेअर फक्त 'हो' आलेल्या ओळीच पुढे पाठवतं. ते सात हवे असतील तर 'इज नल' असं वेगळं विचारावं लागतं.