उसावरून खांब दिसतो, तरी नेट का येईना?

गेल्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला चुलत भावाच्या वस्तीवर गेलो होतो. पुतणी प्रवेशफेरीचे पर्याय भरत होती आणि पान अर्ध्यावरच गोल गोल फिरत होतं. वर्षापूर्वी बसवलं तेव्हा हेच नेट नुसतं पळत होतं. बसवणाऱ्या पोरानं राउटर बदलला, वायर बदलली, तरी फरक नाही. शेजारच्यांनी नजर लागली म्हणून डिशच्या पाइपाला काळी बाहुली बांधून दिली होती. भाऊ मला स्लॅबवर घेऊन गेला. म्हणाला, "दादा, गावातला खांब इथनं दिसतोय की! मग नेट का येईना?"

खांब खरंच दिसत होता. मधे मात्र १४ फुटांचा आडसाली ऊस उभा होता, २६५ जातीचा.

सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, पण आपल्याकडे निम्मं गाव शेतातल्या वस्त्यांवर राहतं. एका घरासाठी ३ किलोमीटर केबल कोण ओढणार? म्हणून गावात एक डिश, वस्तीवर एक डिश आणि मधे ५.८ गिगाहर्ट्झची रेडिओलहर. या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यामुळे हा मार्ग स्वस्त पडतो. दोन्ही डिश एकमेकींना दिसल्या की काम झालं, असं बसवणारेही धरून चालतात. चूक इथेच होते.

लहर दोरीसारखी ताणलेली रेषा नसते. ती पसरत जाते, आणि सरळ रेषेच्या वर-खाली, आजूबाजूने वळसा घेऊन आलेला भागही समोरच्या डिशपर्यंत पोचतो. हा वळसा किती मोठा असतो? शाळेतला पायथागोरस काढा. ३ किलोमीटरच्या मधोमध, म्हणजे १५०० मीटरवर, रेषेपासून ६.२ मीटर बाजूला सरका. एवढं बाजूला जाऊनही पूर्ण वाट सरळ वाटेपेक्षा जेमतेम २.६ सेंटीमीटर लांब भरते! मला या आकड्याचं दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५.२ सेंटीमीटर, म्हणजे हा फरक बरोबर अर्ध्या लहरीचा. वाटेतला फरक याहून कमी असेल तर वळशाने आलेल्या लहरी सरळ लहरीला एकूण हातभारच लावतात. अर्ध्या ते एक लहर एवढा फरक झाला की त्या उलट्या पडतात, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो.

हातभार लावणाऱ्या भागाचा आकार दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे फुगीर अशा लांबट फुग्यासारखा असतो. याला पहिला फ्रेनेल पट्टा म्हणतात. ऑगस्तँ फ्रेनेल हा फ्रान्समधला रस्त्यांच्या कामावरचा इंजिनिअर. प्रकाश लहर आहे असं मांडणारा त्याचा निबंध १८१८ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे आला, तेव्हा पॉइसन या गणितज्ञाने आक्षेप घेतला: हे खरं धरलं तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि असं कुठे होतं का? आरागो या शास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिला. ठिपका दिसला.

पट्ट्याची मधली त्रिज्या काढायची तर किलोमीटरमधलं अंतर गिगाहर्ट्झच्या चौपटीने भागा, वर्गमूळ काढा, १७.३ ने गुणा. नियम असा की या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. आपल्या बाबतीत तो ३.७ मीटर, म्हणजे १२ फूट. दोन्ही डिश होत्या १८ फुटांवर. १८ मधून १२ गेले, पिकाला राहिले ६. मधल्या शेतात सोयाबीन असतं तर वर्षभर तक्रार आली नसती. जुलैत लावलेला ऊसही सुरुवातीला गुडघाभरच होता, म्हणून नेट पळत होतं. पुढच्या पावसाळ्यात तो १४ फुटांवर गेला. रेषा अजून ४ फूट वरून जात होती, त्यामुळे डोळ्याला खांब दिसत होता, पण फुग्याचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या ओल्या पानांत बुडाला होता. एखाद्या अडथळ्याची धार रेषेला नुसती शिवली तरी पोचणारी शक्ती चौथाईवर येते. इथे तर धार नव्हती, वाऱ्यावर हलणारं अख्खं रान होतं.

बाजारात मिळणारे सिग्नल वाढवायचे स्टिकर इथे काडीचं काम करत नाहीत, फोनवर लावा नाही तर डिशवर. तसल्या कागदात वीज नाही, लहर नाही, काही नाही. त्यावरचे पैसे पाइपाला घाला. उपग्रहाचा पर्याय आहे, पण ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो, बोलताना तो खटकतो. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह हा उशीर फार कमी करतात. त्यांच्या डिशला मात्र मोकळं आकाश लागतं, दारातल्या लिंबाखाली ती चालणार नाही.

आम्ही दोन्ही टोकांना १०-१० फुटांचा पाइप वाढवला. तारेचे ताण दिले, वीज पडायची भीती म्हणून अर्थिंग केलं. रेषा २८ फुटांवर गेली. १४ फूट ऊस आणि १२ फूट मोकळी जागा धरून २ फूट शिल्लक राहिले. त्याच संध्याकाळी पुतणीचा अर्ज भरून झाला.

पुढे टोळी आली, ऊस तुटून कारखान्याला गेला. भाऊ विचारत होता, आता पाइप उतरवू का? मी नको म्हणालो. खाली तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा फुटायला लागला होता.