दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रांतील मका आणि बाजार : पार्श्वभूमी

मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय प्रासादाच्या जिन्यावर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा याने १९२९ ते १९३५ या काळात देशाच्या लढाया, राजवटी आणि क्रांती रंगवली. वरच्या मजल्यावरील ओवरीत मात्र त्याने पुढील दशकात अन्नाला आणि ते पिकवणाऱ्या हातांना मानाचे स्थान दिले, आणि माझ्या मते हीच त्याच्या चित्रदृष्टीची खरी झेप आहे.

या बदलाची मुळे १९१० च्या क्रांतीत आहेत. क्रांतीनंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांसाठी खुल्या केल्या. युरोपात राहून इटलीतील जुनी भित्तिचित्रे अभ्यासून आलेला रिवेरा १९२१ मध्ये मायदेशी परतला आणि त्याच वर्षी युकातानमधील माया संस्कृतीचे अवशेष पाहून आला.

ओवरीतील १९४५ च्या चित्रात त्लातेलोल्कोचा बाजार गजबजलेला आहे, आणि मागे सरोवरातील तेनोच्तित्लान ही ॲझटेकांची राजधानी पसरली आहे. या बाजारात रोज साठ हजारांहून अधिक माणसे देवघेव करतात, असे स्पॅनिश आक्रमक एर्नान कोर्तेसने १५२० च्या पत्रात स्पेनच्या राजाला कळवले होते. त्या जीवनाचे तपशील बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकाने नाहुआ या स्थानिक समाजातील विद्वानांच्या साहाय्याने सोळाव्या शतकात बारा भागांत नोंदवून ठेवले.

मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याकडील वास्तेक संस्कृतीवरील १९५० च्या चित्रात मका केंद्रस्थानी आहे, आणि आपल्या पाटा-वरवंट्याची आठवण करून देणाऱ्या दगडी मेतातेवर बायका तो वाटत आहेत. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते या रानगवतापासून मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी मका घडवला. पुढे तो चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे साल सुटते, पीठ चांगले मळले जाते आणि दाण्यातील नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपाने मका नेला, पण ही रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा नियासिनच्या अभावाचा रोग पसरला.

रिवेराने स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे जग फार सोज्ज्वळ रंगवले, या टीकेत तथ्य आहे. तथापि दळणाचे कष्ट त्याच्या कल्पनेतून आलेले नाहीत : ॲझटेक जीवनाची चित्रे असलेल्या सोळाव्या शतकातील मेन्दोसा पोथीत तेरा वर्षांची मुलगी मेतातेवर मका वाटताना दिसते, आणि तिच्या वाट्याच्या दोन तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकरीही, शेजारी काढलेल्या आहेत.