अमेरिकेतलं सरकारी हायस्कूल: चांगलं कशाने होतं, याचा दोनशे वर्षांचा वाद

अमेरिकेत मुलाबाळांचं कुटुंब घर शोधायला निघालं की आधी त्या भागातलं सरकारी हायस्कूल कसं आहे याची चौकशी होते. शाळा क्रमवारीत वर असेल, तर आसपासच्या घरांचे भावही वर असतात. या क्रमवाऱ्या अलीकडच्या आहेत. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. करदात्यांच्या पैशावर चालणारी, नववी ते बारावीची शाळा चांगली होते ती कशाने? हा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बहुतेक पिढ्यांनी उत्तर शाळेच्या दारात शोधलं, म्हणजे आत कोण येतं यात. आत आल्यावर मुलाचं काय होतं, हे मोजायला फार उशिरा सुरुवात झाली.

बॉस्टनमध्ये १६३५ पासून लॅटिन स्कूल होतं, पण तिथला अभ्यास कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी होता. व्यापारी आणि कारागीर यांच्या मुलांना ग्रीक-लॅटिनपेक्षा हिशेब, भूमिती, सर्वेक्षण असं पोटापाण्याला लागणारं शिक्षण हवं होतं. त्यासाठी १८२१ मध्ये इंग्लिश क्लासिकल स्कूल निघालं. तेच अमेरिकेतलं पहिलं सरकारी हायस्कूल मानलं जातं. प्रवेश फक्त मुलग्यांना, तोही परीक्षा देऊन. सहा वर्षांनी बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला: ज्या गावात ५०० कुटुंबं आहेत, त्याने असं शिक्षण द्यायलाच हवं. कायदा झाला म्हणून गावांनी लगेच पैसे काढले असं मात्र नाही.

पैशाचा वाद शेवटी कोर्टात गेला. मिशिगनमधल्या कलामाझू गावात चार्ल्स स्टुअर्ट या माजी सिनेटरने आणि काही करदात्यांनी हायस्कूलसाठी कर घ्यायला हरकत घेतली. प्राथमिक शाळेपर्यंत ठीक, पुढचं शिक्षण ज्याचं त्याने बघावं, असा त्यांचा मुद्दा होता. १८७४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती थॉमस कूली यांच्या निकालाचा आधार मग इतर राज्यांतही घेतला गेला आणि हायस्कूलला सरकारी तिजोरीचं दार उघडलं.

तरी शिकायचं काय, हे ठरलेलं नव्हतं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या समितीने १८९३ मध्ये एक भूमिका मांडली, जी आजही धाडसी वाटते: विद्यार्थी पुढे कॉलेजात जाणार असो वा नसो, जो विषय शिकवायचा तो सगळ्यांना सारख्याच कसाने शिकवा. पंचवीस वर्षांत हवा पालटली. १९१८ च्या एका अहवालाने हायस्कूलची सात उद्दिष्टं सांगितली: आरोग्य, मूलभूत कौशल्यं, कुटुंबातलं वागणं, व्यवसाय, नागरिकत्व, फावल्या वेळेचा चांगला वापर आणि चारित्र्य. पुस्तकी अभ्यास या सातांपैकी जेमतेम एकात बसतो. आज शाळेचा बँड, बास्केटबॉलचा संघ, वादविवाद मंडळ यांना शाळेच्या कामाचाच भाग मानलं जातं, त्यामागे हा विचार आहे. त्याची दुसरी बाजूही होती. ‘तुला हे झेपणार नाही, तू सुतारकाम घे’ असं गरीब, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय मुलांना सांगायला याच विचाराची ढाल मिळाली.

तोवर पटसंख्या झपाट्याने वाढू लागली होती. १९१० मध्ये अठरा वर्षांच्या शंभरांतली जेमतेम नऊ मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण वाढून शंभरांत पन्नासच्या आसपास पोचलं. हे वॉशिंग्टनच्या हुकमाने झालं नाही. गावोगावच्या लोकांनी स्वतःवर कर लावून घेऊन शाळा बांधल्या, आणि शेतीप्रधान छोटी गावं यात मोठ्या शहरांच्याही पुढे होती.

याच काळातली एक शाळा नीट बघण्यासारखी आहे. वॉशिंग्टनमध्ये १८७० मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी एक हायस्कूल सुरू झालं. पुढे त्याला एम स्ट्रीट आणि १९१६ पासून डनबार हे नाव मिळालं. शाळा सक्तीच्या वर्णभेदातली, पण शिक्षक असे की भल्या कॉलेजांनी हेवा करावा. कारण क्लेशदायक आहे: पीएचडी मिळवलेल्या कृष्णवर्णीय विद्वानांना बहुतेक विद्यापीठं दारात उभं करत नव्हती. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी इथे शिकवलं. ॲना ज्युलिया कूपर १९०२ ते १९०६ मुख्याध्यापिका होत्या. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या तयारीचाच अभ्यासक्रम हवा, असा आग्रह धरला, मुलं नामांकित विद्यापीठांत पाठवली, आणि वरिष्ठांशी वाद होऊन पद गमावलं. नंतर त्या याच शाळेत शिक्षिका म्हणून परतल्या आणि १९२५ मध्ये, वयाच्या साठीनंतर, पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. रक्तपेढीच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. चार्ल्स ड्रू आणि शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धची कायदेशीर लढाई आखणारे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे याच शाळेचे विद्यार्थी. १९५४ मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या. त्यानंतर डनबार शहरभरची शाळा न राहता वस्तीपुरती उरली, तिथल्या शिक्षकांसारख्यांना इतर दारंही उघडली, आणि जुना दर्जा ओसरला. शाळा कशावर उभी होती, हे ती ढासळल्यावर जास्त स्पष्ट दिसलं.

१९३० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला, जो आज फारसा कोणाला आठवत नाही. सुमारे ३० शाळांना अभ्यासक्रम स्वतः ठरवायची मोकळीक दिली गेली आणि जवळपास ३०० कॉलेजांनी त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या नेहमीच्या अटी बाजूला ठेवल्या. मग या शाळांतल्या १,४७५ विद्यार्थ्यांची नेहमीच्या शाळांतल्या तितक्याच समकक्ष विद्यार्थ्यांशी जोडी लावून कॉलेजातली प्रगती तपासली. मोकळीक मिळालेली मुलं मागे पडली नाहीत, उलट काही बाबतींत थोडी पुढेच होती. निष्कर्ष १९४२ मध्ये छापून आले, पण देश तेव्हा युद्धात होता. अहवाल कपाटात गेला. माझ्या मते अमेरिकी शिक्षणाने हातची घालवलेली ही सर्वांत मोठी संधी.

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडला, त्यानंतरच्या घबराटीत गणित आणि विज्ञानाला एकदम भाव आला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ मध्ये, बारावीच्या वर्गात किमान शंभर विद्यार्थी नसतील तर ती शाळा सगळे विषय नीट देऊ शकत नाही, असं सांगून छोट्या शाळा एकत्र करण्याची शिफारस केली. पुढच्या काळात हजारभर मुलांच्या शाळा नेहमीच्या झाल्या. कोण मूल गैरहजर आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही, अशा शाळाही त्यातूनच तयार झाल्या.

मग १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा सरकारी अहवाल आला. सुमारे सहा लाख विद्यार्थी आणि चार हजार शाळा, एवढी माहिती याआधी कोणी गोळा केली नव्हती. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा, ग्रंथालयापेक्षा, खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो, असं त्यातून दिसलं. त्यावरून ‘शाळेने काही फरकच पडत नाही’ असा सोयीचा अर्थ काढला गेला. तो चुकीचा होता, पण त्याला उत्तर द्यायला संशोधकांना एक दशक लागलं. रोनाल्ड एडमंड्स यांनी गरीब वस्त्यांतल्या, तरीही मुलं चांगली शिकत होती अशा शाळा शोधल्या आणि त्यांच्यात समान काय आहे ते पाहिलं. कणखर मुख्याध्यापक, प्रत्येक मुलाकडून मोठी अपेक्षा, शिस्तीचं पण दडपण नसलेलं वातावरण आणि मुलं अभ्यासात कुठवर आली आहेत यावर सतत नजर.

पैशाने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनी सॅन अँटोनिओची गोष्ट वाचावी. १९६८ च्या मे महिन्यात तिथल्या एजवूड हायस्कूलचे विद्यार्थी मोडकळीला आलेली इमारत आणि अपात्र शिक्षक यांच्याविरुद्ध वर्गाबाहेर पडले. शाळांचा बराच पैसा त्या त्या भागातल्या मालमत्ता करातून येत असे, म्हणून पालकांनी खटला भरला. त्यात जे आकडे पुढे आले ते असे: एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलर, त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये ४९,००० हून जास्त. एजवूडचे लोक कराचा दर जास्त देत होते, तरी एका मुलामागे एकूण खर्च ३५६ डॉलर; दर कमी असलेल्या अलामो हाइट्समध्ये ५९४. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. ती लढाई मग राज्याराज्यांतल्या कोर्टांत गेली आणि अजून संपलेली नाही.

एखादा अचाट शिक्षक शाळा बदलतो, ही आवडती दंतकथा १९८२ ची. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कलान्ते गणित शिकवत. त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या पातळीची कॅल्क्युलसची परीक्षा दिली. उत्तरांतल्या साम्यावरून परीक्षा मंडळाने त्यांच्यापैकी १४ जणांवर संशय घेतला. त्यातल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही पास झाले. देशभर नाव झालं, चित्रपट निघाला.

चित्रपटात जे नीट दिसत नाही ते महत्त्वाचं आहे. ही मुलं एका वर्षात तयार झाली नव्हती. एस्कलान्ते १९७४ पासून तिथे होते. खालच्या वर्गांत बीजगणित नीट शिकवलं जावं म्हणून त्यांनी इतर शिक्षक जोडले, जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग चालवले. मुख्याध्यापक हेन्री ग्रॅडिलास यांनी सोप्या गणिताचे वर्ग कमी केले आणि एस्कलान्तेंवरची टीका स्वतःच्या अंगावर घेतली. १९८७ मध्ये ऐंशीहून जास्त मुलं कॅल्क्युलस पास झाली. त्याच वर्षी ग्रॅडिलास यांनी शाळा सोडली, चार वर्षांनी एस्कलान्तेंनीही. काही वर्षांत आकडा दहा-अकरावर आला. तोडणं इतकं सोपं असतं.

क्रमवारीचं वेड नव्वदच्या दशकातलं. १९९८ मध्ये गाजलेल्या एका सूत्रात, शाळेत कॉलेजच्या पातळीच्या किती प्रगत परीक्षा दिल्या गेल्या याला बारावीच्या पटाने भागायचं, एवढंच होतं. पास किती झाले, याचा त्यात हिशेबच नव्हता. पुढच्या याद्या गुंतागुंतीच्या झाल्या, पण वरच्या क्रमांकांवर प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शाळांची गर्दी कायम राहिली. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशा शाळांवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कट-ऑफच्या अगदी वर आणि अगदी खाली राहिलेली मुलं जवळपास सारखीच. त्यातली काही आत गेली, काही बाहेर राहिली. पुढच्या परीक्षांत दोघांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. हे काठावरच्या मुलांपुरतं खरं आहे, सगळ्यांबद्दल नाही. पण शाळेचा चकचकीत निकाल बराचसा प्रवेशाच्या दिवशीच ठरलेला असतो, हा संशय त्याने पक्का केला.

शिकागोत उलट्या टोकाने सुरुवात झाली. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक साधा निकष तपासला: नववीच्या वर्षात मुलाने पुरेसे विषय पूर्ण केले का, आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्रांत नापास तर झालं नाही ना. या निकषात बसणारं मूल न बसणाऱ्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त शक्यतेने चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करत होतं. आठवीतल्या गुणांपेक्षा हा अंदाज जास्त नेमका निघाला. मग शाळाशाळांत नववीचे शिक्षक यादी समोर घेऊन बसू लागले: हा का येत नाही, हिला फक्त विज्ञानच का अडतंय, उद्या घरी फोन कोण करणार. असल्या कामाला कुठल्या क्रमवारीत गुण नाहीत.

२०२० मध्ये शिकागोच्याच हायस्कुलांवर आणखी एक अभ्यास आला. त्यात शाळा परीक्षेतले गुण किती वाढवते हे मोजलं, आणि सोबत विद्यार्थ्यांची चिकाटी, आपलेपणा, इतरांशी वागणं यांवर तिचा किती परिणाम होतो, हेही सर्वेक्षणांतून काढलं. दुसऱ्या बाबतीत सरस शाळांतली मुलं जास्त संख्येने हायस्कूल पूर्ण करत होती, जास्त संख्येने कॉलेजात जात होती आणि शाळेतून होणाऱ्या अटका कमी होत्या. नुसत्या गुणांवरून या शाळा ओळखता आल्या नसत्या. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात दिसलं की अशा शाळांचा सर्वाधिक फायदा त्या मुलांना झाला, जी नववीत येतानाच मागे होती.