लुह्यांची जळलेली घरं आणि त्यामागची जमीन

केनियातल्या दंगलींची बातमी आली की ‘टोळ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर’ हे शब्द हमखास वाचायला मिळतात. लुह्यांच्या बाबतीत ते मुळातच चुकीचे आहेत. २०१९च्या जनगणनेत ६८ लाखांवर भरलेला हा समाज किकुयूंनंतर देशात सर्वांत मोठा, पण ‘लुह्या’ हे एकत्रित नाव रूढ झालं ते १९३०-४०च्या दशकांत. त्याआधी होते बुकुसु, मारागोली, वांगा, तिरिकी असे वेगवेगळे समूह. १८९५मध्ये ब्रिटिशांनी चेताम्बे इथला बुकुसुंचा कोट फोडला, तेव्हा वांगांचा राजा मुमिया ब्रिटिशांच्या बाजूने होता.

खरा तंटा जमिनीचा आहे. पश्चिम केनियातल्या माउंट एल्गॉन या डोंगराच्या पायथ्याचा ट्रान्स न्झोइया हा सुपीक पट्टा ब्रिटिशांनी गोऱ्या शेतमालकांना दिला. तिथे गुरं चारणारे साबाओत आणि कालेंजिन समाजातले इतर समूह हुसकले गेले, मजूर म्हणून बुकुसु आले. स्वातंत्र्यानंतर गोरे निघाले, पण जमीन मूळ लोकांना परत मिळाली नाही, ती विकली गेली. अनेक लुह्या कुटुंबांनी पैसे जमवून ती घेतली. एकाकडे खरेदीचा कागद, दुसऱ्याकडे आजोबांच्या कुरणाची आठवण. दोघांचंही दुखणं खरं होतं, आणि तरीही बरीच वर्षं शेजार टिकून होता.

तो मोडला १९९१मध्ये. बहुपक्षीय निवडणुकांची मागणी वाढली, स्वतः कालेंजिन असलेल्या राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांची एकपक्षीय सत्ता डळमळू लागली. सप्टेंबरमध्ये त्यांच्या कानू पक्षाचे पुढारी रिफ्ट व्हॅली प्रांतात सभा घेऊन ‘मजिम्बो’ म्हणजे प्रांतवार स्वराज्य मागू लागले. ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ नेमका कळत होता: बाहेरच्यांनी आपापल्या मुलखात परत जावं. या बाहेरच्यांसाठी ‘मादोआदोआ’ असा शब्द वापरला जाई, म्हणजे डाग. ऑक्टोबरअखेर नांदी जिल्ह्यातल्या मेतेइतेइ शेतावर लुओ समाजाच्या लोकांवर पहिला हल्ला झाला. काही महिन्यांत धनुष्यबाण घेतलेल्या कालेंजिन टोळ्या ट्रान्स न्झोइया आणि एल्गॉनच्या उतारावरच्या बुकुसु वस्त्यांवर आल्या. घरं पेटली, माणसं एन्डेबेस, किटाले, बुंगोमाकडे पळाली.

ही उत्स्फूर्त दंगल नव्हती. कानूच्याच खासदारांच्या किलिकू चौकशी समितीने १९९२मध्ये बड्या राजकारण्यांकडे बोट दाखवलं. बुकुसुंचा कल मासिंदे मुलिरो आणि वामाल्वा किजाना यांच्या फोर्ड या विरोधी आघाडीकडे होता, आणि विस्थापिताला आपल्या मतदारसंघात मत देणं जवळपास अशक्य होतं. डिसेंबर १९९२मध्ये मोई सुमारे ३६ टक्के मतांवर निवडून आले. ह्युमन राइट्स वॉचच्या १९९३च्या अंदाजानुसार सर्व समाजांचे मिळून किमान १,५०० लोक मेले, ३ लाख बेघर झाले.

पंधरा वर्षांनी, डिसेंबर २००७च्या निवडणुकीत, लुह्या आणि कालेंजिन मतदार मोठ्या संख्येने एकाच पक्षामागे, ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंटमागे (ओडीएम) उभे होते. लुह्या नेते मुसालिया मुदावादी त्याचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. १९९२चं वैर पिढीजात असतं तर हे घडलंच नसतं.

पण एल्गॉनवर तेव्हाही रक्त सांडत होतं. चेपकितालेचं कुरण १९६८मध्ये अभयारण्य झालं, तिथल्या लोकांना १९७०च्या दशकात चेब्युकला जमिनी दिल्या गेल्या, आणि त्या वाटपाचा घोळ मिटलाच नाही. २००६च्या सुमारास साबाओत तरुणांची सशस्त्र संघटना उभी राहिली. तिने मारले ते बहुतांश साबाओतच. पण बुकुसु आणि तेसो कुटुंबांनाही पुन्हा घर सोडावं लागलं. मार्च २००८मध्ये लष्कर आलं, आणि त्यानंतर छळाच्या तक्रारी लष्कराविरुद्धही झाल्या.