महागडं रिचार्ज मारलं की रेंज वाढते?

‘मोठ्या प्लॅनवाल्याला गावात जास्त रेंज मिळते’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण तसं नाही. रिचार्ज ठरवतं ते रोजचा डेटा आणि मुदत. (फाइव्ह-जी काही ठराविक प्लॅनवरच मिळतं, गोंधळ बहुधा तिथूनच.) रेंज ठरते टॉवरच्या अंतरावर, मधल्या डोंगरावर, घराच्या पत्र्यावर.

रिचार्जच्या आधी आणि नंतर, एकाच ओट्यावर बसून पाहा: सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस. ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ उणे ८५च्या आसपास म्हणजे चांगली, उणे ११५ म्हणजे रडतखडत. रिचार्जने आकडा हलत नाही; अंगणात गेलात तर हलेल. शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम तिथेच जोरात चालत असेल, तर तिचा स्वस्त प्लॅन बघा. पोर्ट केल्यावरही नंबर तोच राहतो.